पहिली ट्रायथलॉन: रग घरी ठेवून तलावावर या

वडिलांनी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मला मळ्यातल्या विहिरीत ढकललं तेव्हा मी सात वर्षांची होते. दोन उन्हाळ्यांत डबा सुटला आणि मी काठावरून सूर मारायला लागले. त्यामुळे तीस वर्षांनी ट्रायथलॉनचा, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ करायच्या स्पर्धेचा, फॉर्म भरताना पोहण्याची मला कणभर काळजी नव्हती. धास्ती होती ती धावण्याची. मग एका सकाळी जलतरण तलावावर गेले, गॉगल लावला, शंभर मीटर पोहले आणि कठडा धरून अशी धापा टाकत राहिले की शेजारच्या आजींनी विचारलं, "बाळ, दमा हाय काय तुला?"

दमा नव्हता. रग होती. आपल्याकडे कुठलीही गोष्ट पहिल्या झटक्यात फोडायची, ही सवय. मला ट्रायथलॉनमध्ये जेवढे त्रास झाले, त्यातले बहुतेक या एका सवयीने झाले. खाली लिहिलंय ते दोन स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराच्या, आणि एक त्याहून मोठी, ऑलिम्पिक अंतराची स्पर्धा पूर्ण करून, तिन्ही वेळा मागच्या अर्ध्यात येऊन शिकलेलं आहे. ज्यांना नंबरात यायचंय त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी विचारावं. ज्यांना पहिल्यांदा धड शेवटपर्यंत पोचायचंय, त्यांच्यासाठी हे.

अंतर कुठलं घ्यायचं

आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. मध्ये घड्याळ थांबत नाही, कपडे बदलण्यात गेलेला वेळही धरतात. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक याच्या दुप्पट: १५००, ४० आणि १०. सन २००० मध्ये सिडनीला ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली ती याच अंतराची, म्हणून ते नाव. त्यापुढे अर्धी, १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची, आणि शेवटी पूर्ण आयर्नमॅन, ३.८, १८० आणि ४२.२.

पहिल्यांदा स्प्रिंटच घ्या. "गोव्याला हाफ आयर्नमॅन मारून येऊया की" म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर असतोच. त्याला जाऊ द्या, फोटो बघा, लाइक करा.

पोहणं आधी का, असं मला घरच्या सगळ्यांनी विचारलं. दमलेला माणूस सायकलवरून उतरून बसू शकतो, धावताना चालू शकतो. पाण्यात ती सोय नाही. गंमत म्हणजे १९७४ साली सॅन डिएगोत पहिली आधुनिक ट्रायथलॉन झाली तेव्हा धावणं आधी होतं आणि पोहणं शेवटी. पुढे क्रम उलटा झाला, आणि मी त्याबद्दल ऋणी आहे.

बारा आठवड्यांचा हिशेब

सलग अर्धा तास न थांबता चालू-पळू शकत असाल आणि थोडंफार पोहता येत असेल, तर स्प्रिंटसाठी बारा आठवडे पुरतात. चाळिशी जवळ आली असेल किंवा बीपी, शुगर, छातीचं काही मागे असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. बऱ्याच स्पर्धांत प्रमाणपत्र मागतातच.

माझा आठवडा असा असायचा: तीन दिवस पोहणं, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणं, आणि सोमवारी काहीच नाही. सात कामं आणि सहा दिवस, म्हणजे एका दिवशी दोन बसवावी लागतात, ती रविवारी. नोकरी आणि घर सांभाळून पहाटे पाच ते साडेसहा एवढीच वेळ माझी होती. रविवारी जरा जास्त. अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका, असा एक जुना ठोकताळा आहे. तो मोडायची हौस मला चौथ्या आठवड्यात आली आणि नडगी दुखायला लागून दहा दिवस धावणं बंद पडलं.

आमच्या गल्लीत एक जुने वस्ताद राहतात. आयुष्य तालमीत गेलं. मी लंगडताना बघून त्यांनी हाक मारली. म्हणाले, "रग येगळी आनि दम येगळा, पोरी. रगीवर लढणारा पैलवान दोन मिनिटात फुटतोय. दम महिन्यामहिन्यानं भरावा लागतोय." माझ्या मोबाइलमधल्या ट्रेनिंग ॲपने हीच गोष्ट सहा रंगीत आलेख काढून सांगितली होती, पण डोक्यात शिरली ती वस्तादांची.

ऋतूचा विचारही आधी करा. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात सायकलचे दिवस वाया जातात, तेव्हा तलाव आणि धावणं यावर भर द्या. पावसाळा संपला की रस्ते मोकळे होतात, असं वाटतं आणि तेवढ्यात उसाचा हंगाम सुरू होतो. त्याबद्दल पुढे.

पाणी: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

विहिरीत शिकलेले आपण सगळे मान वर काढून पोहतो. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, आणि आपण पाणी कापत जाण्याऐवजी पाणी ढकलत जातो. विहिरीच्या दोन फेऱ्यांना ते चालतं, ७५० मीटरला नाही. म्हणून पहिलं काम, तोंड पाण्यात घालून पोहायला शिकणं.

त्यातली गोम श्वास घेण्यात नाही, सोडण्यात आहे. नवीन माणूस तोंड पाण्यात गेलं की श्वास कोंडून धरतो. मग मान वळवली की त्या अर्ध्या सेकंदात सोडायचाही आणि घ्यायचाही, दोन्ही जमत नाही. छातीत जुनी हवा साठत जाते आणि आपल्याला वाटतं की हवा कमी पडते. कठडा धरून उभं राहा, तोंड बुडवा, नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडा, वर या, घ्या. हे मी पंधरा दिवस रोज दहा मिनिटं केलं. लहान पोरं हसायची. हसू द्यावं.

मग अंतर. पंचवीस मीटरचा तलाव असेल तर तीस फेऱ्या, पन्नासचा असेल तर पंधरा. सुरुवातीला एकेक फेरी, मध्ये अर्धा मिनिट थांबा. सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत थांबणं कमी करत आणा. पायांनी फार धोपटू नका, पुढे त्यांना बरंच काम आहे. विरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचा. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. त्याचे व्हिडिओ बघायला छान आहेत. पण ती पन्नास मीटरची चाल आहे, आपल्याला पंधरा पट जायचंय.

तलावात जमलं की उघड्या पाण्याची पाळी. इथे एक गोष्ट निक्षून सांगते: एकट्याने कधीही उतरू नका. राजाराम तलाव असो, कळंबा असो, कुठेही. सोबत पट्टीचा पोहणारा हवा, आणि कमरेला बांधायचा नारिंगी फुगा हवा. तो दुरून दिसतोही आणि दमल्यावर धरताही येतो. पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटावर पोरं पुलावरून उड्या मारतात ते बघून आपण काही ठरवायचं नाही.

उघड्या पाण्यात तळ दिसत नाही, कठडा नसतो, लेनची दोरी नसते. सरळ चाललोय असं वाटतं आणि आपण तिरके जातो. त्यासाठी दर सहा-आठ हातांनी डोळे तेवढे पाण्याबाहेर काढून खूण बघायची. सुसर बघते तसं, पूर्ण डोकं नाही. आणि खूण म्हणजे फक्त बोया, म्हणजे मार्ग दाखवायला पाण्यावर सोडलेला मोठा फुगा, नव्हे; तो लाटांत लपतो. बोयाच्या मागे काठावरचं एखादं मोठं झाड किंवा टाकी आधीच हेरून ठेवा. सकाळी पूर्वेकडे पोहताना सूर्य थेट डोळ्यांत येतो, म्हणून गडद काचेचा गॉगल घ्या. दुसरा जोड पिशवीत असू द्या. गॉगलचा पट्टा तुटायचा असला की बरोबर स्पर्धेच्या सकाळीच तुटतो.

आता पहिल्या स्पर्धेत माझं काय झालं ते. शिट्टी झाली, सगळे सुटले, मीही सुटले. कुणाचा तरी पाय माझ्या खांद्याला लागला, रग चढली, आणि मी त्याच्यापुढे जायला निघाले. सत्तर-ऐंशी मीटरवर छाती आवळली. श्वास वरच्या वर. मला खरंच वाटलं की मी बुडते. हात वर केला, मदतीची कयाक, म्हणजे छोटी होडी, आली, ती धरून मी दोन मिनिटं लटकले. कयाकवरचा मुलगा म्हणाला, "काकी, निवांत. अजून लई वेळ हाय." मग निघाले आणि पोहून बाहेर आले.

हे बहुतेक नवख्यांना होतं, आणि हा नियम माहीत असला तर निम्मी भीती जाते: बोट किंवा कयाक धरून विश्रांती घेतली तर आपण बाद होत नाही, फक्त तिने आपल्याला पुढे ओढून नेता कामा नये. सुरुवातीला मागे आणि कडेला उभं राहा. शिट्टी झाल्यावर मनात दहा आकडे मोजा, मग निघा. पहिले दोनशे मीटर लाजिरवाणं वाटेल इतकं सावकाश. छाती आवळलीच तर उताणं व्हा, आकाश बघा, वीस मोजा. उताणं झालं की तरंगणं सोपं जातं, हे विहिरीत शिकलेल्यांना तरी सांगायला नको.

सायकल: आहे ती चालते

स्प्रिंटसाठी महागडी रोड बाइक लागत नाही. मी पहिली स्पर्धा हायब्रीडवर, म्हणजे शहरात फिरवायच्या साध्या गिअरच्या सायकलवर केली, माझ्यामागे एक जण जाड टायरच्या माउंटन बाइकवर होता. सीटची उंची मात्र नीट लावा: टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट खाली असते आणि मग गुडघे बोलतात. हवेचा दाब टायरच्या कडेवर छापलेला असतो, त्या मर्यादेत ठेवा. हँडलच्या दोन्ही टोकांना बुचं हवीत. उघडी नळी पडल्यावर पोटात घुसते, म्हणून तपासणीत अडवतात. दोन्ही ब्रेक चालू हवेत. आणि हेल्मेट, त्याशिवाय आत सोडत नाहीत.

पंक्चर काढायला शिका. स्पर्धेत बाहेरची मदत चालत नाही, त्यामुळे एक ट्यूब, टायर सोडवायचे दोन लिव्हर, छोटा पंप सीटखालच्या पिशवीत हवाच. घरी हॉलमध्ये पेपर पसरून चार वेळा मागचं चाक काढून बसवा. मला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली आणि सासूबाईंचं पायपुसणं काळं झालं.

कोल्हापुरात सरावाला कुठे जायचं? सपाटीसाठी गारगोटी रस्ता बरा आहे. चढ हवा असेल तर रत्नागिरी रस्त्याने वाघबीळ, आणि तिथून पन्हाळा किंवा जोतिबा. पन्हाळा शहरापासून साधारण वीस किलोमीटर, म्हणजे बरोबर स्प्रिंटचं अंतर, फक्त शेवट चढाचा. एवढा चढ स्पर्धेत बहुधा नसतो, त्यामुळे तो महिन्यातून एकदा दम बघायला. हायवेवर एकट्याने सराव मला पटत नाही.

ऊस. हंगाम सुरू झाला की पहाटे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, मागे लाल दिवा असेलच असं नाही. ट्रॉली ओलांडताना ती किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. पडलेली कांडी आणि पाचट यांवर चाक घसरतं, दव पडलं असेल तर जास्तच. पुढे पांढरा, मागे लाल दिवा, अंगात उजळ रंग, आणि उजाडल्याशिवाय शहराबाहेर जाऊ नका. आम्ही बायका तर तिघी-चौघी मिळूनच निघतो. त्याची कारणं वेगळी सांगायला नकोत.

स्पर्धेत बहुतेक ठिकाणी ड्राफ्टिंगला बंदी असते, म्हणजे पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही. अंतर किती ते आयोजक सांगतात, साधारण दहा मीटर. कानात इअरफोन चालत नाहीत. डावीकडून चालवा, उजवीकडून ओलांडा, ओलांडताना आवाज द्या.

धावणं, आणि परके पाय

नुसतं ५ किलोमीटर धावायला रंकाळा किंवा विद्यापीठाचा परिसर पुरेसा आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. पण सायकलवरून उतरून धावणं हे वेगळंच प्रकरण आहे. पाय आपले राहत नाहीत. तासभर एकाच गोल चालीत फिरलेल्या स्नायूंना अचानक अंगाचं वजन पेलायला सांगितलं जातं आणि ते ऐकत नाहीत. यावर उपाय एकच, सवय. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सायकल आणि उतरल्या उतरल्या दहा मिनिटं धावणं. याला ब्रिक म्हणतात. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पाय लवकर ताळ्यावर येतात. शेवटची दोन मिनिटं सायकलचा गिअर हलका करून पाय जरा झरझर फिरवले तर फरक पडतो.

ट्रान्झिशन: घरी रंगीत तालीम करा

पोहण्यातून सायकलवर जाण्याला टी-वन आणि सायकलवरून धावण्यावर जाण्याला टी-टू म्हणतात. सायकल स्टँडला टांगायची, खाली छोटा टॉवेल अंथरून सामान क्रमाने मांडायचं. माझा क्रम: हेल्मेट हँडलवर, पट्टे उघडे ठेवून उलटं. त्यात उन्हाचा गॉगल आणि नंबरचा पट्टा. खाली बूट, आत थोडी पावडर, नाड्या इलॅस्टिकच्या. बुटांशेजारी टोपी.

आणि हा नियम पाठच करा: हेल्मेटचा पट्टा लागल्याशिवाय सायकल स्टँडवरून काढायची नाही. परत आल्यावर सायकल टांगल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. सायकल हातात धरून बाहेर आखलेल्या रेषेपर्यंत पळत जायचं, रेषेच्या पुढे बसायचं. परतताना रेषेच्या आधी उतरायचं. यात चुकलं तर दंड, कधी थेट बाद.

आपली जागा शोधणं हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे, कारण पाण्यातून आल्यावर डोकं गरगरतं आणि सगळ्या सायकली सारख्या दिसतात. आदल्या दिवशी प्रवेशापासून कितवी रांग, कुठल्या खांबासमोर, हे चालत जाऊन मोजा. माझा टॉवेल झेंडूच्या रंगाचा आहे, मुद्दाम.

कपडे मध्ये बदलता येत नाहीत, उघडं होणं नियमात बसत नाही, त्यामुळे जे घालून पोहायचं त्यातच धावायचं. तिन्हींसाठी चालणारा एकसंध पोशाख, ट्रायसूट, महाग पडतो. मी स्पोर्ट्स ब्रावर गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख घातला आणि त्यावरच तिन्ही केलं. काखेत, मानेवर, मांड्यांना आदल्या रात्री नव्हे तर सकाळी व्हॅसलीन लावा, आणि मग हात साबणाने धुवा, नाहीतर गॉगलच्या काचा तेलकट होतात.

माझी टी-टू: सायकल टांगली, टोपी घ्यायला वाकले, घाईत तशीच सुटले. अर्धा किलोमीटर गेल्यावर पाण्याच्या टेबलावरची शाळकरी मुलगी ओरडली, "काकू, हेल्मेट!" टोपी हातात, हेल्मेट डोक्यावर. उरलेले साडेचार किलोमीटर मी ते काखेत धरून धावले. त्या फोटोला घरात अजून खूप मागणी आहे.

आदला दिवस आणि सकाळ

ब्रीफिंगला, म्हणजे आयोजकांच्या माहितीच्या बैठकीला, जा. नकाशा, फेऱ्या किती, कुठे वळायचं, वेळेची मर्यादा किती, सगळं तिथे कळतं. फेऱ्या मोजायची जबाबदारी आपली असते.

जेवण साधं: वरणभात, बटाट्याची भाजी, दही. आदल्या दिवशी मिसळ नको. कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे पाप आहे, पण कट आतड्यात असताना पाण्यात आडवं होऊन बघा. तांबडा-पांढरा स्पर्धेनंतर. सकाळी दोन-अडीच तास आधी दोन केळी आणि मधाचे ब्रेडचे काप, एवढंच मला मानवतं. स्पर्धेच्या दिवशी नवीन काही खायचं नाही, नवीन काही घालायचं नाही. सायकलच्या बाटलीत लिंबू, मीठ आणि थोडा गूळ. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, ताकदीसाठी विकतात त्या गोड जेलच्या पाकिटावर पैसे कशाला घालवायचे? स्प्रिंटला एवढं पुरतं. फक्त हे सरावात आधी पिऊन बघा, सगळ्यांच्या पोटाला चालतंच असं नाही.

तलावावर तासभर आधी पोचा. दंडावर नंबर लिहितात, पायाला वेळ मोजणारी चिप बांधतात. चिप डाव्या घोट्याला बांधा; सायकलची चेन उजवीकडे असते, तिथे ती अडकू शकते. मग पाच मिनिटं पाण्यात उतरून अंग आणि श्वास दोन्ही ओले करून घ्या.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पाण्यात सावकाश. सायकलच्या पहिल्या पाच किलोमीटरमध्ये सगळे तुम्हाला ओलांडतील, ओलांडू द्या, शेवटच्या पाचात त्यातले काही परत भेटतात. बाटलीतलं निम्मं पाणी सायकलवरच संपवा. धावताना प्रत्येक पाण्याच्या टेबलावर वीस पावलं चाला, दोन घोट प्या, उरलेलं डोक्यावर ओता.

रेषा ओलांडल्यावर लगेच खाली बसू नका, पायात गोळे येतात. पाच-दहा मिनिटं चालत राहा, केळं खा, सावलीत कुणाला तरी धरून पोटऱ्या ताणा. सायकल सोडवून घेताना नंबर जुळवून देतात, तो फाडून टाकू नका. चेन घरी गेल्यावर पुसा आणि तेल द्या, तलावाच्या पाण्याने आणि घामाने गंजते. आणि पायातली चिप परत करा. मी विसरले, सोमवारी मोज्याखाली तशीच बांधून ऑफिसला गेले, आणि दुपारी आयोजकांचा फोन आला.